स्कॉटलंड यार्डचे पहिले साहेब

भगिनींनो, माझे धाकटे दीर पोलिसांत आहेत, म्हणून हा विषय घेतला. रहस्यकथांतले स्कॉटलंड यार्ड आपणां सर्वजणींना ठाऊक आहे. त्याचे पहिले प्रमुख दोघे; एक वकील रिचर्ड मेन, दुसरे कर्नल चार्ल्स रोवन. रोवन मूळचे आयर्लंडचे. नेपोलियनच्या फौजांशी स्पेनमध्ये लढले, १८१५ साली वॉटर्लूला जखमी झाले. १८२९ साली लंडनचे नवे पोलीस दल त्यांच्या हाती आले.

उमर लष्करात गेलेली, पण शिपायांना सैनिकांचा लाल कोट दिला नाही, निळा दिला. हाती बंदूक नाही, लाकडी दंडुका. फौजच दारात आली असे लोकांना वाटू नये ना! मला हेच फार आवडले. शिस्त मात्र कडक. पहिल्या नंबरचा शिपाई दारूपायी पहिल्याच दिवशी घरी गेला!

तरी लोक हिडीसफिडीस करीतच. १८३३ साली एका सभेच्या गडबडीत रॉबर्ट कली हा शिपाई भोसकला गेला, आणि पंचांनी ती हत्या समर्थनीय ठरविली. दीर रात्रपाळीला निघाले, की मला तो कली आठवतो.

रोवन एकवीस वर्षे त्या जागेवर राहिले. १८५० साली निवृत्त झाले, १८५२ साली वारले.