नास्तिकांच्या नगरीतील शेजारीण : मादलेन देल्ब्रेल

फ्रान्समध्ये १९०४ साली जन्मलेल्या मादलेन देल्ब्रेल किशोरवयातच नास्तिक झाल्या होत्या. १९२४ साली त्यांना ख्रिस्तश्रद्धा लाभली. १९३३ मध्ये दोन मैत्रिणींसह त्या पॅरिसलगतच्या इव्री या कामगारनगरीत राहावयास गेल्या. तेथे कम्युनिस्टांची सत्ता होती. अनेक कुटुंबांनी ख्रिस्तसभेकडे पाठ फिरविली होती. समाजसेविका म्हणून मादलेन त्याच कार्यकर्त्यांच्या खांद्याला खांदा लावून गोरगरिबांसाठी झटल्या. पक्षात सामील होण्याचा मोह त्यांनाही पडला. परंतु देव नाकारणे त्यांना शक्य नव्हते. त्यांनी ना श्रद्धा सोडली, ना शेजारी. १९६४ साली इव्रीतच त्यांचे निधन झाले. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली त्यांना वंदनीय घोषित केले. देवाविना जगणाऱ्यांमध्ये ख्रिस्तसभेने प्रथम शेजारधर्म पाळावा, हेच त्यांच्या जीवनाचे सार होय.