मौलाना हसरत मोहानी : संविधान सभेतला एकटा आवाज

हसरत मोहानी हे नाव आपल्या घरांमध्ये बहुतेकांना दोन कारणांनी माहीत असतं. एक म्हणजे ‘निकाह’ चित्रपटात गुलाम अलींनी गायलेली गझल, आणि दुसरं म्हणजे ‘इन्किलाब झिंदाबाद’ ही घोषणा. गझल त्यांची, घोषणाही त्यांचीच. पण याच मौलानांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत संविधान सभेत विरोधी बाकावर बसून जे काम केलं, ते फारसं कुणी सांगत नाही.

त्यांचं मूळ नाव सय्यद फजलुल हसन. उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यातलं मोहान हे त्यांचं गाव, म्हणून मोहानी. आणि हसरत हे शायरीतलं टोपणनाव. १९०३ मध्ये अलीगढच्या कॉलेजातून ते बी.ए. झाले. त्या काळात एवढ्या शिक्षणावर चांगली सरकारी नोकरी सहज मिळायची. मौलानांनी नोकरी न धरता ‘उर्दू-ए-मुअल्ला’ नावाचं मासिक काढलं. १९०८ मध्ये इंग्रजांच्या इजिप्तमधल्या धोरणावर टीका करणारा लेख छापला म्हणून त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला आणि सक्तमजुरीची शिक्षा झाली. तुरुंगात त्यांना जात्यावर धान्य दळावं लागलं. लेख दुसऱ्याने लिहिलेला होता, पण त्याचं नाव त्यांनी सांगितलं नाही. संपादक म्हणून जबाबदारी आपली, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्याच वर्षी लोकमान्य टिळकांनाही राजद्रोहाखाली शिक्षा होऊन मंडालेला पाठवण्यात आलं. हा निव्वळ योगायोग असला तरी दोघांचं नातं जुनं होतं. १९०७ च्या सुरत काँग्रेसमध्ये जहाल आणि मवाळ वेगळे झाले, तेव्हा मौलाना टिळकांच्या बाजूने उभे राहिले. राजकारणात ते टिळकांना आपला गुरू मानायचे. टिळक गेले तेव्हा त्यांनी उर्दूत शोककाव्य लिहिलं.

१९२१ चं वर्ष त्यांच्या आयुष्यात फार महत्त्वाचं. डिसेंबरमध्ये अहमदाबादला काँग्रेस आणि मुस्लिम लीग दोन्हींची अधिवेशनं भरली होती. लीगचे अध्यक्ष स्वतः मौलाना होते. काँग्रेसच्या अधिवेशनात त्यांनी ठराव मांडला की आपलं ध्येय संपूर्ण स्वातंत्र्य असलं पाहिजे, परकीय सत्तेचा कुठलाही ताबा नको. गांधीजींनी विरोध केला आणि ठराव पडला. पुढे काँग्रेसने लाहोरला पूर्ण स्वराज्याचा ठराव केला तो १९२९ साली. म्हणजे मौलाना आठ वर्षं पुढे होते. १९२२ मध्ये त्यांना पुन्हा अटक झाली आणि या वेळच्या कैदेत पुण्याचं येरवडाही त्यांच्या वाट्याला आलं. १९२५ मध्ये कानपूरला कम्युनिस्टांची परिषद भरली, तिच्या स्वागत समितीचे अध्यक्षही तेच. पाच वक्तची नमाज, हजची ओढ, मथुरेच्या श्रीकृष्णावर कविता आणि मजुरांच्या राज्याचं स्वप्न, हे सगळं एकाच माणसात होतं आणि त्याला त्यात कसलीच अडचण वाटत नव्हती.

१९४६ मध्ये ते मुस्लिम लीगतर्फे संयुक्त प्रांतातून संविधान सभेत निवडून आले. फाळणी झाली, लीगचे मोठमोठे पुढारी पाकिस्तानात गेले. मौलाना गेले नाहीत. आता सभेत काँग्रेसचं प्रचंड बहुमत होतं, लीगचे थोडेच सदस्य उरले होते, आणि बाहेर मुसलमानांकडे संशयाने बघितलं जात होतं. अशा दिवसांत शहाण्या माणसाने गप्प बसावं, असं अनेकांना वाटत होतं. मौलानांना तसं वाटलं नाही.

संविधान सभा हीच तेव्हा देशाची संसद म्हणूनही काम करत होती. नोव्हेंबर १९४८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटनेचा मसुदा चर्चेला मांडला, तेव्हा मौलानांनी चर्चाच पुढे ढकलावी अशी मागणी केली. कारण त्यांनी सरळ मांडलं : ही सभा मर्यादित मतदारांच्या आणि धर्मवार विभागणीच्या पायावर आलेली आहे. आधी संयुक्त मतदारसंघातून नवी सभा निवडा, मग घटना करा. लक्षात घ्या, हे बोलणारा माणूस स्वतः त्याच धर्मवार विभागणीतून, लीगच्या जागेवर आलेला होता! मागणी मान्य झाली नाही, पण त्यांची भूमिका स्पष्ट झाली. मुसलमानांनी वेगळ्या मतदारसंघाच्या आडोशाला न राहता सगळ्यांबरोबर राजकारण करावं, असं त्यांना वाटत होतं. मात्र मुस्लिम पर्सनल लॉचा विषय आला तेव्हा त्यात सरकारने हात घालू नये, हेही त्यांनी तितक्याच ठामपणे सांगितलं. म्हणजे सोय बघून एक बाजू धरली, असं त्यांच्याबाबतीत म्हणता येत नाही.

मे १९४९ मध्ये राष्ट्रकुलाचा प्रश्न आला. पंडित नेहरूंनी लंडनमध्ये मान्य केलं होतं की भारत प्रजासत्ताक होईल, तरीही राष्ट्रकुलात राहील आणि इंग्लंडच्या राजाला त्या संघटनेचा प्रमुख मानेल. सभेने हा निर्णय मोठ्या बहुमताने मंजूर केला. के. टी. शहा, शिब्बनलाल सक्सेना यांच्यासारख्या मोजक्या लोकांनी विरोध केला, त्यात मौलाना होते. ज्याने १९२१ साली संपूर्ण स्वातंत्र्य मागून हार पत्करली होती, त्याला १९४९ मध्ये राजाचं नाव कुठल्याही रूपात मान्य होणं शक्यच नव्हतं. नेहरूंचा हिशेब व्यवहाराचा होता आणि पुढच्या काळात त्यातून देशाचं नुकसान झालं असंही नाही. पण जगाशी संबंध कसे ठेवायचे यावर सभागृहात उलट बाजू नोंदली गेली पाहिजे, हे काम मौलानांनी केलं.

१७ ऑक्टोबर १९४९ हा दिवस तर खास. काश्मीरसंबंधीचं कलम, जे पुढे ३७० म्हणून ओळखलं गेलं, ते गोपालस्वामी अय्यंगार यांनी मांडलं. मौलानांनी विचारलं की हा भेदभाव कशासाठी? आजकाल त्यांचा एवढाच प्रश्न उचलून मोबाइलवर फिरवला जातो, जणू त्यांचा काश्मीरला विरोध होता. पुढचं बोलणं वाचलं की चित्र बदलतं. शेख अब्दुल्लांना सवलती देण्याला त्यांची हरकत नव्हती. त्यांचं दुखणं वेगळं होतं : काश्मीरला एक न्याय आणि बडोद्याला दुसरा का? चांगला कारभार असलेलं बडोदा संस्थान मुंबई प्रांतात जबरदस्तीने विलीन का केलं? त्यांना घटकराज्यांना भरपूर अधिकार असलेलं खरं संघराज्य हवं होतं. त्याच दिवशी सरनाम्यावरही चर्चा झाली. सोव्हिएत रशियाच्या धर्तीवर भारत हा समाजवादी प्रजासत्ताकांचा संघ असावा, अशी दुरुस्ती मौलानांनी सुचवली. तीही मान्य झाली नाही.

शेवटी घटना तयार झाली तेव्हा मौलानांनी तिच्यावर सही केली नाही. याचा अर्थ त्यांना देश मान्य नव्हता असा कुणी लावू नये. पाकिस्तानचा रस्ता मोकळा असताना जो इथेच राहिला, त्याच्या देशप्रेमाला वेगळा दाखला लागत नाही. ते सभेत येत राहिले, दुरुस्त्या देत राहिले, हरत राहिले आणि पुन्हा उभे राहत राहिले. सभेचा भत्ता ते घेत नसत, मशिदीत मुक्काम करत आणि रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाने प्रवास करत, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं.

१३ मे १९५१ रोजी लखनौमध्ये त्यांचा इंतकाल झाला. मागे पैसाअडका नव्हता. होती ती शायरी, आणि सभेच्या इतिवृत्तात छापलेली त्यांची भाषणं.

त्यांचं प्रत्येक मत आपल्याला पटलंच पाहिजे असं नाही. काही मागण्या त्या वेळीही अव्यवहार्य होत्या. पण संख्येने कमी असलेल्या माणसाने सभागृहात कसं वागावं, याचा धडा त्यांच्याकडून जरूर घ्यावा. फक्त आपल्या समाजापुरतं न बोलता परराष्ट्र धोरण, संघराज्य, मजुरांचे हक्क अशा सगळ्या प्रश्नांवर ते बोलले, कारण देश सगळ्यांचा आहे हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. आज नगरपालिकेपासून विधानसभेपर्यंत आपले जे मोजके प्रतिनिधी बसतात, त्यांनी आणि त्यांना मत देणाऱ्या आपण सर्वांनी हे ध्यानात ठेवायला हवं. मुलांना ती गझल जरूर ऐकवा, आणि सोबत हा किस्साही सांगा.

अल्लाह मरहूम मौलानांची मगफिरत करो. आमीन.