मार्गदर्शक घुर्ये

प्रबंधाच्या मुखपृष्ठावर मार्गदर्शक म्हणून ज्याचे नाव छापले जाते, त्याचे कार्य अभ्यासकांच्या इतिहासात बहुधा अनुल्लेखितच राहते. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये हे या नियमास ठळक अपवाद होत. जातिसंस्थेवरील त्यांचा 1932 सालचा ग्रंथ सर्वश्रुत आहे. परंतु भारतीय समाजशास्त्राला त्यांनी दिलेले मोठे देणे म्हणजे त्यांनी घडविलेले संशोधक.

घुर्ये यांचा जन्म 12 डिसेंबर 1893 रोजी मालवण येथे झाला. जुनागड व मुंबई येथे शिक्षण घेऊन ते एल्फिन्स्टन महाविद्यालयातून संस्कृतचे एम.ए. झाले. पॅट्रिक गेडिस यांनी निवड केल्यामुळे ते समाजशास्त्राच्या अध्ययनासाठी इंग्लंडला गेले. लंडनमध्ये मन न रमल्याने त्यांनी केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांचे शिष्यत्व पत्करले. जून 1922 मध्ये रिव्हर्स अकस्मात निवर्तले व पुढे ए. सी. हॅडन यांच्याशी त्यांचा संबंध आला. मार्गदर्शकाचे असणे आणि नसणे या दोहोंचा अर्थ त्यांना विद्यार्थिदशेतच उमगला असला पाहिजे.

1924 साली मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची धुरा त्यांच्याकडे आली व 1959 साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी ती वाहिली. या काळात सुमारे 80 प्रबंध त्यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध झाले. जात, कुटुंब, आप्तसंबंध, आदिवासी, कामगार, धर्म असे विषय त्यांनी विद्यार्थ्यांकडून हाताळून घेतले. स्वतः ते संस्कृत ग्रंथांत रमणारे असले, तरी विद्यार्थ्यांना मात्र त्यांनी प्रत्यक्ष क्षेत्रात धाडले. इरावती कर्वे यांनी त्यांच्याकडेच चित्पावनांवर एम.ए.चा प्रबंध 1928 साली लिहिला. जुने ग्रंथ आणि जिवंत समाज एकमेकांच्या प्रकाशात वाचण्याची ही दृष्टी पुढे ‘युगान्त’मध्ये वेगळ्या रूपाने प्रकटली, असे म्हणता येईल.

मार्गदर्शकाची खरी कसोटी मतभेदात लागते. अ. र. देसाई हे मार्क्सवादी. घुर्ये यांची भूमिका त्याहून सर्वस्वी भिन्न. तरीही राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरील देसाई यांचा प्रबंध त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पूर्ण झाला व 1948 साली ग्रंथरूपाने आला. जो सिद्धान्त आपण स्वतः मांडला नसता, तो विद्यार्थ्याला मांडू देणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

एम. एन. श्रीनिवास यांची कथा या पद्धतीची मर्यादाही दाखवते. कूर्ग येथील समाजावरील त्यांचा मोठा प्रबंध 1944 साली मुंबईत सादर झाला. नंतर ऑक्सफर्डला रॅडक्लिफ-ब्राऊन यांच्या प्रेरणेने त्यांनी तीच सामग्री नव्या सैद्धान्तिक चौकटीत मांडली व 1952 साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ जगन्मान्य झाला. मुंबईने सामग्री दिली, ऑक्सफर्डने तिला सूत्र दिले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो अर्धवट आहे. विपुल सामग्री आधी गोळा झाली नसती, तर सूत्राने बांधायचे तरी काय? मात्र संकलनाला सिद्धान्ताची जोड देण्यात मुंबईची पद्धत उणी पडली, हेही मान्य केले पाहिजे. पुढे गुरुशिष्यांत दुरावा आला, तोही या इतिहासाचाच भाग होय. एकाच व्यक्तीकडे पस्तीस वर्षे विभाग राहिला, की विषय, पदवी आणि पुढील नोकरी या तिन्हींवर तिची छाया पडते. अशा वेळी मतभेदाची किंमत विद्यार्थ्यालाच अधिक मोजावी लागते.

1951 साली स्थापन झालेल्या भारतीय समाजशास्त्र परिषदेचे घुर्ये हे संस्थापक. निवृत्तीनंतरही त्यांचे लेखन अखंड चालू होते. 28 डिसेंबर 1983 रोजी त्यांचे निधन झाले. आज प्राध्यापकाकडे एका वेळी आठांहून अधिक पीएच.डी.चे विद्यार्थी नसावेत, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे. तो आवश्यकच आहे. पण नियमाला केवळ संख्या मोजता येते. विद्यार्थी आपल्याहून वेगळा विचार करून बाहेर पडला की नाही, याची मोजदाद मार्गदर्शकाने स्वतःच ठेवायची असते. घुर्ये यांच्या खात्यावर या बाबतीत जमा बरीच आहे. एक ठळक नावेही आहे.