रविवारची सुट्टी मिळवून देणारे रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

रविवारची आपण आठवडाभर वाट पाहतो. पण मुंबईच्या गिरणी कामगारांना एकेकाळी आठवड्याची ठरलेली सुट्टीच नव्हती. ती मिळवून देण्यासाठी झटलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांची ही ओळख.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे एका गरीब कुटुंबात झाला. शिक्षण बेताचेच झाले. पुढे मांडवीच्या एका कापड गिरणीत ते भांडारपाल म्हणून नोकरीला लागले. तिथे त्यांनी कामगारांचे हाल जवळून पाहिले. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत काम, दुपारी धड विश्रांती नाही, पगार तुटपुंजा आणि तोही वेळेवर नाही. यंत्रात हात सापडला, तर भरपाई नाही. बायका आणि लहान मुलेही याच चरकात पिळून निघत होती.

महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांनी लोखंडे भारावले होते. १८८० मध्ये त्यांनी 'दीनबंधु' साप्ताहिकाची धुरा घेतली आणि कामगारांची गाऱ्हाणी मांडली. १८८४ मध्ये त्यांनी 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' स्थापन केली. त्या वर्षी सुमारे साडेपाच हजार कामगारांनी एका अर्जावर सह्या केल्या. मागण्या साध्या होत्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, जखमी कामगाराला मदत.

मालक लगेच बधले नाहीत. लोखंडे यांनी चिकाटी सोडली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांच्या आणि मुलांच्या कामाच्या तासांवरही मर्यादा आली.

१८९३ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर सलोख्यासाठी ते राबले. १८९५ मध्ये त्यांना 'रावबहादूर' हा किताब मिळाला. मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा ते रुग्णांच्या सेवेत उतरले आणि त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. २००५ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

श्रीमंती पैशाअडक्यात मोजायची आपल्याला सवय असते. पण ज्याला आजारपणात अंथरुणावर पडायची मुभा नाही, मुलांजवळ बसायला एक दुपार नाही, त्याची खरी गरिबी पगाराच्या आकड्यात दिसत नाही. लोखंडे यांनी कामगारांना गर्भश्रीमंत केले नाही. आठवड्यातला एक दिवस त्यांच्या मालकीचा केला.

आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशी, इमारतीचे रखवालदार काका, कोपऱ्यावरच्या हॉटेलात कपबशा विसळणारा दादा, यांना तो दिवस मिळतो का? येत्या रविवारी घरात हा प्रश्न जरूर विचारा. मोठ्यांनीही त्याचे उत्तर शोधावे.