धोकटीतून शल्यविद्येकडे : आंब्रुआझ पारे यांचे चरित्र

फर्दापूर, सोयगाव, अजिंठा या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या ज्ञातिबांधवांना अजिंठ्याच्या लेण्यांची थोरवी नव्याने सांगावयास नको. ती पाहण्यासाठी देशोदेशीचे लोक फर्दापुरावरून जातात आणि भिंतीवरील चित्रांपुढे थक्क होऊन उभे राहतात. परंतु ती चित्रे ज्या हातांनी रंगविली त्यांची नावे आज कोणासही ठाऊक नाहीत. काम उरले, नाव गेले. हाताने काम करणाऱ्या बहुतेक जातींच्या वाट्यास हेच आले आहे आणि आपला नाभिक समाजही त्याला अपवाद नाही.

श्रीसंत सेना महाराज, वीर जिवा महाला व वीर शिवा काशीद यांची चरित्रे आपल्या घरोघरी श्रद्धेने वाचली जातात. ही नावे काळाने राखली. पण गावगाड्यातील आपले अगणित पूर्वज नुसते दाढी-डोई करून थांबत नसत. गळू फोडणे, रुतलेला काटा काढणे, जखम बांधणे, हलणारा दात उपटणे ही कामेही अनेक गावांत त्यांच्याकडेच असत. धोकटीत वस्तऱ्याशेजारी नराणी आणि चिमटा असे तो काही उगाच नव्हे. बलुत्याच्या चार पायलीत हे सारे धरलेले असे. त्याला विद्या म्हणण्याची उदारता मात्र फारशी कोणी दाखविली नाही.

म्हणूनच या वेळी आम्ही दूरदेशीच्या एका समव्यवसायी पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो. ते फ्रान्स देशातील होते, त्यांनी आपले जीवन न्हाव्याच्या दुकानातील उमेदवारीने आरंभिले, आणि आज त्यांची गणना आधुनिक शल्यविद्येच्या जनकांत होते. त्यांचे नाव आंब्रुआझ पारे.

पारे यांचा जन्म सुमारे १५१० साली लाव्हाल या गावानजीक एका सामान्य घरात झाला. त्या काळच्या फ्रान्समध्ये वैद्यकाची उतरंड आपल्याकडील जातींच्या उतरंडीसारखीच होती. सर्वांत वर विद्यापीठाचे वैद्य. हे लॅटिन ग्रंथ पढलेले असत, पण रक्तामांसास हात लावणे त्यांस कमीपणाचे वाटे. त्यांच्या खाली लांब झग्याचे शल्यवैद्य. आणि सर्वांत खाली न्हावी-शल्यवैद्य. दाढी करणे, शीर तोडून रक्त काढणे, फोड कापणे, दात उपटणे ही कामे त्यांची. पारे या तिसऱ्या वर्गातले. लॅटिन त्यांस कधीच आले नाही आणि ही उणीव त्यांचे प्रतिस्पर्धी जन्मभर उगाळीत राहिले.

तरुणपणी ते पॅरिसला आले. तेथील ओतेल-द्यू या जुन्या धर्मार्थ रुग्णालयात सुमारे तीन वर्षे राहून त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. ग्रंथ वाचण्याऐवजी त्यांनी माणसाचे शरीर वाचले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्यानंतर ते फौजेबरोबर लढाईवर गेले आणि १५३७ च्या सुमारास इटलीतील तुरीन येथील मोहिमेत त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले.

बंदुकीच्या दारूने जखमेत विष भिनते, असा त्या वेळच्या पंडितांचा समज होता. ते विष जाळण्यासाठी जखमेत उकळते तेल ओतीत. एके दिवशी जखमी फार झाले आणि पारे यांच्याजवळचे तेल संपले. निरुपायाने त्यांनी अंड्याचा बलक, गुलाबाचे तेल व टर्पेंटाइन यांचा लेप करून उरलेल्यांच्या जखमा बांधल्या. ती रात्र त्यांनी चिंतेत काढली. लेप लावलेले शिपाई सकाळपर्यंत दगावले असतील, अशी त्यांस धास्ती होती. पहाटे जाऊन पाहतात तो उलटाच प्रकार! लेप लावलेल्यांना बऱ्यापैकी झोप लागली होती व सूजही थोडी होती; तेलाने भाजलेले मात्र ज्वराने व वेदनेने तळमळत होते. त्या दिवसापासून पारे यांनी उकळत्या तेलाचा उपयोग सोडला. डोळ्यांनी पाहिलेले आणि पोथीत लिहिलेले यांत विरोध आला तर डोळ्यांवर विश्वास ठेवावा, हा धडा त्यांनी तेथे घेतला.

हा अनुभव त्यांनी १५४५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला, आणि तोही लॅटिनमध्ये न लिहिता आपल्या मायबोलीत, फ्रेंचमध्ये. धंद्यातील गुपिते बापाकडून मुलाकडे झाकून जावीत अशी रीत असण्याच्या काळात त्यांनी ती सर्वांसाठी उघडी केली. गावोगावचे लॅटिन न जाणणारे न्हावी ते पुस्तक वाचू शकले, हे त्यांचे आपल्या व्यवसायावरील सर्वांत मोठे उपकार होत.

पुढे १५५२ साली त्यांनी दुसरी क्रांती केली. पाय कापल्यावर वाहणारे रक्त थांबविण्यासाठी तापल्या लोखंडाने डाग देत असत. पारे यांनी रक्तवाहिनी चिमट्यात धरून दोऱ्याने बांधली. रक्तवाहिनी बांधण्याची कल्पना प्राचीन होती, परंतु अवयव कापल्यावर ती नेमाने योजण्याचे श्रेय पारे यांचे. १५५३ साली ते शत्रूच्या हाती सापडले. शत्रूपक्षाच्या एका अधिकाऱ्याच्या पायाचे जुनाट व्रण बरे करून त्यांनी आपली सुटका करून घेतली. १५५४ साली लांब झग्याच्या शल्यवैद्यांच्या मंडळाने, लॅटिन येत नसतानाही, त्यांस आपल्यात घेतले. दुसरा हेन्री, दुसरा फ्रान्सिस, नववा चार्ल्स व तिसरा हेन्री अशा चार राजांची सेवा त्यांनी केली.

राजवैद्य झाल्यावरही दातांचे काम त्यांनी हलके मानले नाही, आणि आमच्या मते त्यांचा खरा मोठेपणा येथेच दिसतो. दाताचे दुखणे हे जिवंतपणी भोगाव्या लागणाऱ्या अत्यंत क्रूर वेदनांपैकी एक आहे, हे ओळखून त्यांनी आपल्या ग्रंथांत त्यावर सविस्तर लिहिले.

दात उपटताना घाई व दांडगाई करू नये असे ते बजावतात. तसे केल्यास जबडा निखळतो, हाडाचा तुकडा दाताबरोबर येतो, रक्तस्राव व ज्वर होतो, प्रसंगी प्राणही जातो. म्हणून आधी हिरडी दातापासून नीट मोकळी करावी, मग दात हळूहळू हलवून काढावा, असा त्यांचा उपदेश. आजचा दंतवैद्यही हाच क्रम पाळतो. फरक इतका की तो आधी क्ष-किरण चित्रात मुळांची ठेवण पाहतो आणि सुई देऊन जागा बधिर करतो. पारे यांच्या काळी यांपैकी काहीच नव्हते. होता तो केवळ हाताचा हळुवारपणा.

किडलेल्या दाताची कळ थांबविण्यासाठी ते तापल्या सळईने किंवा तीव्र आम्लाने आतील नस जाळीत. उपाय अघोरी खरा. पण दुखणे दाताच्या आतील नसेत आहे आणि ती नाहीशी केली तर दात न उपटताही कळ थांबते, ही मूळ जाण त्यात होती. आजचा रूट कॅनाल उपचार त्याच जाणिवेवर उभा आहे. दंतवैद्य दाताला वरून छिद्र करून आतील सडलेला गाभा बारीक कानशींनी काढतो, मुळांच्या नळ्या जंतुनाशक द्रवाने धुतो, त्या गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने भरतो आणि वर टोपी बसवितो. मुळाशी पू झाला असेल तर त्याला वाट करून देतो.

मार लागून हललेले वा निखळलेले दात फेकू नयेत, जागच्या जागी बसवून शेजारच्या दातांना बांधावेत, असेही पारे सांगतात. जबडा मोडलेल्या एका शिंप्याचे तीन दात त्यांनी असे बांधून वाचविले. हा उपदेश आजही प्रत्येक घराने लक्षात ठेवावा असा आहे. मुलाचा पक्का दात पडून निखळला तर तो मुळाशी न धरता वरच्या भागाला धरावा, माती लागली असल्यास हलकेच धुवावा, घासू नये. जमल्यास लगेच खाचेत बसवावा, न जमल्यास दुधात बुडवून अर्ध्या ते एका तासाच्या आत दंतवैद्याकडे पोहोचावे. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवीत नाहीत.

गेलेल्या दातांच्या जागी हाडाचे वा हस्तिदंती दात सोन्या-चांदीच्या तारेने बसविणे, टाळूला पडलेले भोक धातूच्या पत्र्याने बंद करून रोग्यास पुन्हा स्पष्ट बोलता येईल असे करणे, हेही पारे यांनी वर्णिले आहे. दातांवर साचणारे कीट लोखंडावरील गंजासारखे असून ते खरवडून काढावे आणि जेवणानंतर तोंड धुवावे, असे त्यांचे सांगणे होते.

पारे सर्वच बाबतींत बरोबर होते असे आम्ही म्हणत नाही. दात बिघडलेल्या शरीररसांमुळे किडतात, असा त्या काळचा समज त्यांचाही होता. तान्ह्या मुलाचा दात सुलभ यावा म्हणून हिरडी कापावी, हा त्यांचा सल्ला आज कोणी मानीत नाही. साखर व पिष्ट पदार्थांवर तोंडातील जंतू पोसले जातात व त्यांनी केलेल्या आम्लाने दात झिजतो, हा उलगडा १८९० साली विलोबी मिलर यांनी आपल्या ग्रंथात केला, म्हणजे पारे यांच्या मृत्यूनंतर तीनशे वर्षांनी.

१५७५ साली पारे यांचे समग्र ग्रंथ प्रसिद्ध झाले तेव्हा पॅरिसच्या विद्यापीठीय वैद्यांनी मोठे वादळ उठविले. लॅटिन न येणाऱ्या न्हाव्याने वैद्यकावर लिहावे, हाच त्यांच्या लेखी अपराध होता. पारे डगमगले नाहीत. ग्रंथाच्या पुढील आवृत्त्या निघाल्या आणि १५८२ साली त्याचे लॅटिन भाषांतरही झाले. ज्या भाषेवाचून त्यांस हिणविले, तीच भाषा त्यांचे विचार वाहू लागली! २० डिसेंबर १५९० रोजी पॅरिस येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मागून त्याच देशात प्येर फोशार यांनी १७२८ साली दंतवैद्यकावरील स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि दातांचे शास्त्र वेगळे झाले. फ्रान्समध्ये १७४३ साली व इंग्लंडात १७४५ साली शल्यवैद्य न्हाव्यांपासून कायद्याने विभक्त झाले. आपल्या देशात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास पहिले दंत महाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ साली निघाले. १९४८ साली दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा झाला, आणि १९८२ साली औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शासकीय दंत महाविद्यालय सुरू झाले. फर्दापूरच्या माणसाला आता या विद्येसाठी समुद्र ओलांडावा लागत नाही.

येथे आम्ही ज्ञातिबांधवांस कळकळीने दोन गोष्टी सांगू इच्छितो.

पहिली गोष्ट दातांची. आपल्या घरांत अजून दात काळा पडला तर दुर्लक्ष करतात, ठणकू लागला तर लवंग धरतात, आणि गाल सुजला की मगच दवाखान्याची आठवण होते. कीड वरच्या थरात असते तेव्हा ती कोरून सिमेंट भरले की काम भागते. खर्च व त्रास दोन्ही थोडे. ती गाभ्यापर्यंत गेली की रूट कॅनाल करावे लागते आणि त्याही पलीकडे गेली की दात जातो. हिरड्यांचेही तसेच. घासताना रक्त येणे ही पहिली खूण होय. त्या वेळी दंतवैद्याकडून कीट काढून घेतल्यास हिरडी पूर्ववत होते. दिरंगाई केल्यास रोग खाली उतरतो, हाड झिजते आणि न किडलेले दातही हलू लागतात. तंबाखू, गुटखा व मिश्री यांनी हे अधिक बिघडते. मधुमेह असणाऱ्यांनी तर विशेष जपावे. बाजारात बसून न शिकलेल्या माणसाने दात उपटण्याचे दिवस आता सरले आहेत. अस्वच्छ चिमट्याने कावीळ व एड्ससारखे रोग एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जाऊ शकतात. तो काढणारा आपल्या जातीचा असला तरी त्याच्यापुढे तोंड उघडू नये, हे आम्ही स्पष्ट सांगतो.

दुसरी गोष्ट मुलांची. पूर्वजांचा हात वाया गेला असे मानून खंत करीत बसण्यात अर्थ नाही. हाताचे कसब शास्त्राला जोडले की त्याचे काय होते, हे पारे यांनी दाखविले आहे. ज्या घरात धार ओळखण्याची नजर व दुसऱ्याच्या कातडीला इजा न होऊ देण्याची सवय पिढ्यान्पिढ्या आहे, त्या घरातील मुलाने वा मुलीने दंतवैद्य होण्याची इच्छा धरली तर तिला हसू नये. तिच्या अभ्यासासाठी दिवा लावून द्यावा, दुकानातील कामातून तिला वेळ द्यावा आणि फीची अडचण आली तर समाजाने पुढे व्हावे. स्वतःचे दुकान सचोटीने चालविणाऱ्या बांधवाचा मानही यामुळे कमी होत नाही. दोन्ही कामांचे मूळ एकच आहे.

पारे यांनी आपला जन्म आणि आपला धंदा कधी लपविला नाही. त्यांनी तो उंच नेला. आपल्या पुढच्या पिढीने तेच करावे, इतकीच आमची श्रीसंत सेना महाराजांच्या चरणी प्रार्थना आहे.