रंगाची रेघ आणि हृदयाची मर्मर

नळ थोडासा उघडला की पाण्याची धार काचेसारखी गुळगुळीत पडते. पूर्ण सोडला की तीच धार खळाळू लागते. हा बदल नेमका कधी होतो, याचा नियम ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी शोधला.

रेनॉल्ड्स यांचा जन्म १८४२ मध्ये बेलफास्टला झाला. वडील धर्मगुरू, पण त्यांना यंत्रांची आवड होती. केंब्रिजला शिकायला जाण्याआधी मुलाने कारखान्यात उमेदवारी केली. १८६८ मध्ये ते मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले.

१८८३ मध्ये त्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या नळीतून पाणी वाहते ठेवायचे आणि त्यात रंगाची बारीक धार सोडायची. वेग कमी असताना रंगाची रेघ सरळ राहिली. वेग वाढवत नेल्यावर एका टप्प्याला ती विस्कटली आणि रंग नळीभर पसरला. द्रवाचा वेग, घनता आणि नळीची रुंदी यांचा गुणाकार करून त्याला द्रवाच्या चिकटपणाने भागले की एक आकडा मिळतो. सरळ नळीत तो साधारण २००० च्या खाली असेल, तर प्रवाह शांत राहतो.

१८९५ मध्ये त्यांनी खळाळाचे गणित मांडले. प्रत्येक क्षणाचा वेग पकडण्याऐवजी सरासरी वेग आणि त्याभोवतीचे चढउतार वेगळे केले. मात्र त्यातून नवी अज्ञाते आली आणि समीकरणे कमी पडली. इंजिनातून सुटणाऱ्या झोताचे गणित करणारे आजही ही उणीव अंदाजांनी भरून काढतात.

रेनॉल्ड्स वैद्य नव्हते, पण त्यांचा नियम रक्तालाही लागू पडतो. हृदयाची झडप अरुंद झाली की रक्ताचा झोत वेगाने सुटतो, खळाळतो आणि स्टेथोस्कोपमधून ‘मर्मर’ ऐकू येते. रक्तक्षयात झडप निरोगी असूनही रक्त पातळ होते, वेगाने वाहते आणि मर्मर उमटू शकते. म्हणून मर्मर सापडली की घाबरू नये, पण कारण शोधायची तपासणी टाळूही नये.

प्रकृती आणि बुद्धी दोन्ही खालावल्याने रेनॉल्ड्स १९०५ मध्ये निवृत्त झाले. १९०८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ सोमरफेल्ड यांनी त्या आकड्याला ‘रेनॉल्ड्स अंक’ हे नाव दिले. १९१२ मध्ये रेनॉल्ड्स यांचे निधन झाले.