पुणतांब्याचे अण्णा आणि वरातीतला जॅझ

गेल्या आठवड्यात आमच्या कुर्डुवाडीत एक वरात निघाली होती. संध्याकाळचे सात वाजले तरी रस्ता तव्यासारखा तापलेला. डीजेला परवानगी मिळाली नाही म्हणून नवरदेवाकडच्यांनी जुन्या पद्धतीचा बँड आणला होता. लाल कोट, त्यावर सोनेरी दोऱ्या, दोन ट्रम्पेट, दोन क्लॅरिनेट, एक सॅक्सोफोन आणि ढोल-ताशा. आम्ही मित्रमंडळी जरा नाक मुरडूनच उभे होतो. आणि बँडने अचानक ‘शोला जो भडके’ उचललं. मग काय! ज्यांना या गाण्याचा सिनेमा कुठला हेही माहीत नव्हतं, तीच पोरं सगळ्यात आधी नाचायला गेली. त्यात मीही होतो.

घरी येऊन मोबाईलवर गाणं शोधलं. सिनेमा ‘अलबेला’, साल 1951, संगीतकार सी. रामचंद्र. नाव वाचून वाटलं, कुणीतरी मद्रासकडचे असावेत. पुढे वाचत गेलो आणि चाटच पडलो. सी म्हणजे चितळकर. रामचंद्र नरहर चितळकर. जन्म 12 जानेवारी 1918, गाव पुणतांबा, जिल्हा तेव्हाचा अहमदनगर. म्हणजे आपल्या दौंडला गाडी बदलून मनमाडच्या लाईनला लागलं की वाटेत जे स्टेशन येतं, ते पुणतांबा!

येत्या 30 एप्रिलला आंतरराष्ट्रीय जॅझ दिन आहे. युनेस्कोने 2011 मध्ये तो जाहीर केला आणि पुढच्या वर्षापासून तो जगभर साजरा होतो. अमेरिका-युरोपातल्या विद्यापीठांच्या थिएटरांत उन्हाळ्याच्या दिवसांत जॅझच्या आणि देशोदेशींच्या संगीताच्या मैफली भरतात. आपल्याकडे उन्हाळ्यात भरते ती लग्नसराई. पण त्या लग्नसराईतही थोडासा जॅझ वाजतो आणि तो तिथवर पोहोचवण्यात पुणतांब्याच्या या माणसाचा मोठा हात आहे. म्हणून ही गोष्ट.

पडेल हिरो

रामचंद्र चितळकर लहानपणी नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकले. नंतर पुण्याला गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे. म्हणजे पाया पक्का शास्त्रीय. पण डोक्यात सिनेमा. आणि सिनेमात जायचं ते संगीतकार म्हणून नाही, तर थेट हिरो म्हणून! 1935 मध्ये ‘नागानंद’ या सिनेमात त्यांना नायकाचं काम मिळालंही. तो सिनेमा काही चालला नाही. सतरा वर्षांचं वय, पहिलाच सिनेमा आणि तोच पडला. आज एखाद्याच्या रीलला शंभर व्ह्यूज आले नाहीत तर तो दोन दिवस जेवत नाही, त्यांचं काय झालं असेल विचार करा.

पण ते मुंबई सोडून परत गेले नाहीत. सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका करू लागले. तिथेच संगीत विभागात हार्मोनियम वाजवायचं काम मिळालं. हिरो व्हायला आलेला मुलगा पेटीवर बसला आणि तिथे त्याला त्याची खरी जागा सापडली. बिंदू खान, हबीब खान अशा संगीतकारांच्या हाताखाली चाल कशी बांधतात, वाद्यं कुठे कशी घालतात, हे सगळं त्यांनी काम करता करता उचललं. कोर्स नाही, सर्टिफिकेट नाही. आजच्या भाषेत म्हणायचं तर लांबलेली इंटर्नशिपच ती.

संगीतकार म्हणून त्यांचे पहिले सिनेमे हिंदी नव्हते, मराठीही नव्हते. ते होते तमिळ! ‘वनमोहिनी’ हा त्यातला एक. त्याचे दिग्दर्शक होते भगवान पालव, म्हणजे आपले भगवानदादा. गिरणी कामगाराच्या घरातला हा मराठी मुलगा आणि रामचंद्र यांची अशी गट्टी जमली की पुढे दोघांनी मिळून देशाला नाचवलं. 1942 मध्ये भगवानदादांच्या ‘सुखी जीवन’मुळे रामचंद्र यांचं नाव झालं.

नाव तरी किती! पडद्यावर संगीतकार म्हणून सी. रामचंद्र, गायक म्हणून नुसतंच चितळकर, कुठे राम चितळकर, तर ओळखीच्यांमध्ये अण्णा. एका माणसाची चार अकाउंट्स म्हणा ना.

गोव्याची पोरं, मुंबईचे क्लब

आता मुंबईत तेव्हा काय चाललं होतं ते बघू. ताजमहाल हॉटेलच्या बॉलरूममध्ये 1930 च्या दशकापासून जॅझ वाजत होता. टेडी वेदरफोर्डसारखे अमेरिकेतले काळे कलाकार तिथे येऊन राहिले, वाजवू लागले. त्यांच्याकडून गोव्याच्या पोरांनी ही विद्या घेतली. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पाश्चात्त्य पद्धतीने स्वरलिपी वाचायला शिकवायचे. त्यामुळे कागद समोर ठेवला की ही मंडळी धडाधड वाजवायची. त्यातलेच एक आल्दोना गावचे आंतोनियो झेवियर वाझ. यांना सगळे चिक चॉकलेट म्हणायचे. ट्रम्पेट असा फुंकायचे की लोकांनी त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग ठरवून टाकलं.

1950 मध्ये मुंबईत दारूबंदी आली. क्लब-हॉटेलांतल्या रात्री ओसरल्या, वादकांची कमाई घटली. पण तिकडे सिनेमाच्या रेकॉर्डिंगला दिवसेंदिवस मोठे वाद्यवृंद लागत होते. गोव्याचे वादक स्टुडिओत येऊ लागले. तिथे कामाची पद्धत अशी की, संगीतकार पेटीवर चाल सांगणार, अरेंजर ती कागदावर उतरवून प्रत्येक वाद्यासाठी वेगळा भाग लिहिणार आणि मग चाळीस-पन्नास जण एकदम वाजवणार. चिक चॉकलेट आणि जॉनी गोम्स हे अण्णांचे असे जवळचे साथीदार.

अण्णांना स्वतःलाही हे संगीत मनापासून आवडायचं. क्लॅरिनेटचा बादशहा बेनी गुडमन यांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. पण म्हणून त्यांनी परदेशी रेकॉर्ड जशीच्या तशी आपल्याकडे आणून ठेवली, असं नाही. 15 ऑगस्ट 1947 रोजी, स्वातंत्र्याच्या दिवशीच, ‘शहनाई’ हा सिनेमा लागला. नाव शहनाई, पण त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात सॅक्सोफोन, गिटार, माऊथ ऑर्गन आणि चक्क शिट्ट्या! 1949 च्या ‘पतंगा’मध्ये रंगूनहून टेलिफोन करणारा नवरा अण्णांनी स्वतःच्याच आवाजात गायला, समोर शमशाद बेगम. ते गाणं आजही कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये हमखास असतंच.

मग आला ‘अलबेला’. भगवानदादा हिरो, गीता बाली हिरॉईन. पडद्यावर भगवानदादांना आवाज अण्णांचा. बोंगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन सगळं आहे, पण चाल अशी की गावातल्या माणसालाही पहिल्या फटक्यात पाठ व्हावी. या सिनेमातल्या एका गाण्यात चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड प्रत्यक्ष पडद्यावरही दिसतो, झालरीच्या बाह्यांचे शर्ट घालून. ज्यांची नावं पोस्टरवर कधी छापली गेली नाहीत, त्यांचे चेहरे तरी तिथे राहिले. यूट्यूबवर बघाल तेव्हा हिरो-हिरॉईनच्या मागे बघा.

चोरी की कारागिरी?

इथे एक प्रश्न येतोच. हे सगळं उसनं नव्हतं का? काही वेळा होतं, हे मान्य करायला हवं. 1950 च्या ‘समाधी’ या सिनेमातलं एक तुफान गाजलेलं गाणं पोर्तो रिकोचं नाव घेणाऱ्या एका लॅटिन ठेक्याच्या इंग्रजी गाण्यावरून घेतलेलं आहे. दोन्ही लागोपाठ ऐकली की कळतं. आणि सिनेमा कशावर? तर आझाद हिंद सेनेवर! आज असं झालं असतं तर आपण सोशल मीडियावर अण्णांना सोडलं नसतं.

पण त्यांची नंतरची कामं ऐका. 1953 चा ‘अनारकली’ घ्या. त्यात लता मंगेशकरांनी गायलेलं, शेवटच्या प्रसंगातलं गाणं भीमपलास रागाच्या अंगाने जातं. तिथे ट्रम्पेटचा दणका नाही. तो ‘अलबेला’वालाच माणूस आहे यावर विश्वास बसत नाही. 1955 च्या ‘आझाद’साठी नौशाद यांना विचारलं होतं म्हणतात, पण वेळ फार कमी म्हणून त्यांनी नकार दिला. अण्णांनी ती सगळी गाणी थोडक्या दिवसांत करून दिली आणि ती चाललीही. 1959 मध्ये व्ही. शांताराम यांच्या ‘नवरंग’ला त्यांनी दिलेलं संगीत तर पूर्ण देशी मातीचं.

आणि 1957 मध्ये ‘आशा’मधलं ‘ईना मीना डीका’. जॅझमध्ये एक प्रकार असतो, त्याला स्कॅट म्हणतात. शब्दांना अर्थ नसतो, गळ्यानेच वाद्य वाजवायचं. लुई आर्मस्ट्राँग यांनी 1920 च्या दशकात तो लोकप्रिय केला. आपल्याकडे तराण्यात असतो ना, तसलाच काहीसा मामला. सांगतात की, अण्णांच्या खोलीबाहेर लहान मुलं खेळताना दाम मोजायचं इंग्रजी बडबडगीत म्हणत होती. त्यावरून गाणं सुचलं. बरोबरच्या गोम्स यांनी त्यात चक्क कोंकणी भर घातली, मला नको अशा अर्थाची. म्हणजे इंग्रजी खेळ, अमेरिकी पद्धत, गोव्याचे शब्द, पुणतांब्याची चाल आणि किशोरकुमारचा गळा. हे ज्याला नुसती नक्कल वाटतं, त्याने एकदा असं काहीतरी जमवून दाखवावं.

त्या काळात सरकारला मात्र हे सगळं पसंत नव्हतं. माहिती आणि नभोवाणी मंत्री होते बाळकृष्ण केसकर, तेही मराठीच. 1952 नंतर आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास गायब झाली. शास्त्रीय संगीत ऐका, असा आग्रह. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा सिलोनवर नेला. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. पोरांनी काय ऐकावं हे मोठ्यांनी ठरवायचं आणि पोरांनी दुसरं स्टेशन शोधायचं, हे काही आपल्या पिढीत सुरू झालेलं नाही!

शेवटची मोठी टाळी

साठच्या दशकात वारं फिरलं. नवे संगीतकार आले. लता मंगेशकर आणि अण्णा या जोडीने इतकी सुंदर गाणी दिली होती, पण दोघांत दुरावा आला. सिनेमे कमी झाले. आणि अशा पडत्या काळात अण्णांच्या हातून असं गाणं झालं जे आपण प्रत्येकाने शाळेत 26 जानेवारीला उभं राहून ऐकलंय. 1962 च्या चीन युद्धानंतर कवी प्रदीप यांनी ‘ऐ मेरे वतन के लोगो’ लिहिलं. 27 जानेवारी 1963 रोजी दिल्लीत, पंतप्रधान नेहरूंच्या समोर, लताबाईंनी ते गायलं. चाल अण्णांची. पुढची साठ वर्षं ते गाणं वाजतंय, पण चाल कोणाची असं मी वर्गात विचारलं तर एकाही हाताला वर जावंसं वाटलं नाही. खरं सांगतो, महिन्यापूर्वी माझाही गेला नसता.

त्यानंतर हिंदीत तसं यश पुन्हा आलं नाही. अण्णा मराठीकडे वळले. गदिमांच्या ‘गीतगोपाल’ला त्यांनी चाली दिल्या. 1970 च्या ‘घरकुल’मध्ये सुरेश भटांच्या शब्दांना त्यांनी दिलेला स्वरसाज आजही मराठी प्लेलिस्टमध्ये टिकून आहे. 1977 मध्ये ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र आलं. पुढच्याच वर्षी, 1978 मध्ये, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारच्या रंगभवनच्या उघड्या थिएटरात ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला. जगभरचे मोठे वादक आले, कॉलेजच्या पोरांनी गर्दी केली. भारतात जॅझ आला असं तेव्हा कित्येकांना वाटलं असेल. पण तो तर तीस वर्षांपूर्वीच गल्लीबोळात पोहोचला होता, फक्त कुणी त्याला जॅझ म्हणत नव्हतं.

चिक चॉकलेट 1967 मध्येच गेले होते. अण्णा 5 जानेवारी 1982 रोजी गेले. चौसष्टावा वाढदिवस एका आठवड्यावर आला होता.

हे सगळं वाचून झाल्यावर मी त्या बँडच्या ट्रम्पेटवाल्या काकांना गाठलं. त्यांनी स्वरलिपी कधी पाहिलेली नाही. सगळं कानावर, वडिलांकडून आलेलं. गाणं भगवानदादांचं एवढंच त्यांना ठाऊक होतं, अण्णांचं आणि चिक चॉकलेटचं नाव त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. पूर्वी सीझनला दम घ्यायला वेळ नसायचा, आता डीजेमुळे कशीबशी दहा-बारा लग्नं मिळतात, असं त्यांच्या बोलण्यात आलं. धाकट्या मुलाने वाद्य हातात घेतलेलं नाही, तो पुण्याला कंपनीत आहे.

मी त्यांना मूळ गाणं व्हॉट्सॲपवर पाठवलं. स्टेशनसमोरच्या कट्ट्यावर बसून त्यांनी ते तीनदा ऐकलं. मधल्या वाद्यांच्या तुकड्याला बोटं आपोआप मांडीवर चालायला लागली. हा तुकडा आपण आजवर गाळतच आलो, असं त्यांच्या लक्षात आलं. पुढच्या वरातीत तो बसवायचं त्यांनी कबूल केलंय. तारीख 2 मे, वेळ संध्याकाळची. लग्न कुणाचं ते मला माहीत नाही, पण मी जाणार आहे.